जर्मनी म्हणते दोन्ही ठेवा, भारत म्हणतो एकच

ताई, रामराम. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, साडेसात एकर केळी आणि तीन एकर कोरडवाहू कापूस. मुलगा इंजिनियर आहे. सात वर्षं झाली, जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. सून आणि अडीच वर्षांचा नातूही तिकडेच. कायम राहायची परवानगी त्याला मिळाली आहे. आता तो नागरिकत्वाचा अर्ज करायचा म्हणतो. फोनवर सांगतो, ‘नाना, कायदा बदलला. आता जुनं नागरिकत्व सोडावं लागत नाही, दोन्ही ठेवता येतात.’ इकडे जळगावचा एक एजंट म्हणतो, भारतात कळवायचंच नाही, दोन्ही पासपोर्ट गुपचूप ठेवायचे, सगळे तसंच करतात. आणखी एक गोष्ट. बांधाला लागून असलेली तीन एकर विकायला निघाली आहे. पोराच्या पैशातून ती त्याच्याच नावावर घ्यावी असा विचार आहे. माझी सगळी जमीनही बक्षीसपत्राने आत्ताच त्याच्या नावावर करून मोकळं व्हावं म्हणतो, म्हणजे पुढे नागरिकत्वाची अडचण नको. मुलगी पारोळ्याला दिली आहे, तिच्याकडून हक्कसोड लिहून घेऊ. घरात तर रोज रडारड आहे. मंडळी एकच विचारते, ‘मना पोऱ्या परका व्हई जाई का?’ काय करावं ते सांगा.
– नाना

नाना, रामराम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि माईंचं रडणं त्या गुंत्यातूनच आलं आहे. म्हणून आधी कायद्याची गोष्ट सरळ करते. जमिनीचं आणि माईंचं त्यानंतर बोलू.

तुमचा मुलगा तुम्हाला खोटं सांगत नाहीये. जर्मनीचा नवा कायदा २७ जून २०२४ पासून लागू झाला. त्याआधी बहुतेक परदेशी माणसांना जर्मन नागरिक व्हायचं तर पहिलं नागरिकत्व सोडावं लागायचं. ती अट आता गेली आणि आठ वर्षांच्या वास्तव्याची अटही पाच वर्षांवर आली. त्यामुळे तो ‘दोन्ही ठेवता येतात’ म्हणतो तेव्हा जर्मनीपुरतं ते खरंच आहे.

पण नागरिकत्वाला दोन टोकं असतात. जर्मनीने ठेवा म्हटलं म्हणून भारताने ठेवू दिलं असं होत नाही. आपल्या राज्यघटनेचं नववं कलम पहिल्या दिवसापासून हेच सांगतं, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलमही तेच म्हणतं: भारतीय नागरिकाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, सही लागत नाही, कुणी नोटीसही पाठवत नाही. जर्मनीत नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात ठेवतात आणि त्या क्षणापासून माणूस जर्मन होतो. तुमच्या मुलाच्या हातात तो कागद पडेल त्याच क्षणी तो कायद्याने भारतीय राहणार नाही. खिशातला निळा पासपोर्ट दहा वर्षांच्या मुदतीचा असला तरीही.

म्हणजे एजंट जे सुचवतो आहे ती दुहेरी नागरिकी नव्हेच. नागरिकत्व गेलेलं असताना पासपोर्ट जवळ ठेवून तो वापरणं, एवढंच ते आहे आणि १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली तो गुन्हा आहे. दंड तर होतोच, पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मागताना तीच गोष्ट आडवी येते, आणि माहिती लपवून मिळवलेलं कार्ड सरकार रद्दही करू शकतं. ‘सगळे करतात’ या बोलण्यावर जाऊ नका, नाना. हे उघडकीला कसं येतं तेही सांगते. मुलगा भारतीय पासपोर्टवर मुंबईला उतरला, गावी आला, महिन्याने परत निघाला. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट चाळतो आणि विचारतो, जर्मनीचा व्हिसा कुठे आहे? तिथे राहण्याचं कार्ड कुठे आहे? ते कार्ड तर जर्मन झाल्यावर तिथल्या ऑफिसने परत घेतलेलं असतं. मग पोराला खिशातून लाल पासपोर्ट काढावा लागतो, आणि दोन्ही पासपोर्ट एकाच काउंटरवर शेजारी शेजारी पडतात. त्या वेळी तो एजंट शेजारी उभा नसतो.

आता ओसीआय म्हणजे काय ते सांगते, कारण त्याच्या नावामुळेच निम्मा घोटाळा होतो. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ असं नाव, पासपोर्टसारखी दिसणारी पुस्तिका, वर आपली राजमुद्रा. बघणाऱ्याला वाटतं, हेच दुसरं नागरिकत्व. तसं ते नाही. परदेशी भारतीयांच्या प्रश्नांवर नेमलेल्या सिंघवी समितीने २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्व द्यावं अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात कायद्यात जे आलं ते त्याहून कमी होतं. २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डं दिली गेली तेव्हापासून ‘सिटिझन’ हा शब्द त्यावर आहे, हक्क मात्र नागरिकाचे नाहीत.

त्यात मिळतं काय? जन्मभराचा व्हिसा. हवं तेव्हा यावं, हवं तितकं राहावं, पोलिसांत नोंदणी करावी लागत नाही. बँक, घर, फ्लॅट, गुंतवणूक या बाबतीत त्याला अनिवासी भारतीयांसारखंच धरतात. मिळत नाही काय? मत देता येत नाही, म्हणजे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकाही निवडणुकीत नाही. उभंही राहता येत नाही. सरकारी नोकरी साधारणपणे नाही. पत्रकारिता, संशोधन, पर्वतारोहण अशा काही कामांना आधी वेगळी परवानगी लागते. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

इथे तुमच्या तीन एकरांवर येते.

नाना, ही जमीन मुलाच्या नावावर घेता येणार नाही. आणि ही अडचण जर्मन पासपोर्टमुळे येणार आहे असं समजू नका, ती आजच आहे. परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी भारतीयालाही, पासपोर्ट भारतीय असला तरी, शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. तो परदेशी स्थायिक झाला तेव्हाच ही वाट बंद झाली. आपल्या भागात कितीतरी घरांना हे माहीत नसतं. पोरगा दुबईला किंवा अमेरिकेत, तलाठ्याकडे जुना पत्ता, आणि खरेदीखत होऊन जातं. दहा वर्षांनी विकायला काढलं की ते निघतं. तेव्हा तीन एकरांची खरेदी त्याच्या नावाने नको आणि तुमच्या जमिनीचं बक्षीसपत्रही नको. इसार दिला असेल तर खरेदीदाराचं नाव आत्ताच बदलून घ्या.

मुलाला मदत करायचीच असेल तर त्याने तुम्हाला पैसे भेट द्यावेत, बँकेतून, उघड, आणि जमीन तुमच्या नावावर घ्यावी. फक्त एक गोष्ट मनात स्पष्ट ठेवा. मग ती जमीन खरोखर तुमची असेल. ‘कागदावर माझी, पण मुळात पोराची’ असा तोंडी करार मनात ठेवून खरेदी करू नका. उद्या तुमच्या मागे तिच्यावर मुलाचा आणि मुलीचा दोघांचाही वारसा लागेल.

वारशाची वाट मात्र उघडी आहे आणि माईंना ती आधी सांगा. वारसाहक्काने मुलगा तुमची जमीन घेऊ शकतो, जर्मन झाल्यावरही. हिंदू वारसा कायद्यात वारसाने भारतीय नागरिकच असावं अशी अट नाही, आणि परकीय चलनाचा कायदाही वारशाने आलेली शेती ठेवू देतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल, राहील. पुढे कधी त्याला विकावीशी वाटली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रात शेती शेतकऱ्यालाच विकता येत असल्याने तो माणूस शेतकरी असायला हवा. गावात असं गिऱ्हाईक मिळतंच. इथली कामं बघायला त्याला कुणाच्या नावे मुखत्यारपत्र करावं लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. हे तीन महिने बरेच जण विसरतात.

आणि आता मुलीचं. तुम्ही विचारलं नाहीत तरी बोलते.

पारोळ्याच्या लेकीकडून हक्कसोड लिहून घेऊ, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. मुलगा परदेशी, त्याला शेतीची अडचण येऊ नये म्हणून जवळ राहणाऱ्या मुलीने आपला वाटा सोडायचा, हे मला पटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, आणि वडील २००५ आधी गेलेले असले तरी तो हक्क लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. उद्या रात्री दोन वाजता माईंच्या छातीत दुखलं तर गाडी काढून कोण येणार आहे? पारोळ्याहून लेक-जावईच येतील. तुमच्या घरात केळीचा हिशोब, पीकविमा, मोटारीची दुरुस्ती यात जावई हातभार लावत असेल, असा माझा अंदाज आहे. लेकीला रक्षाबंधनाच्या साडीबरोबर हक्कसोडाचा कागद पुढे करू नका. दोघांना समोर बसवा, मुलाला व्हिडिओवर घ्या आणि मृत्युपत्र करायचंच तर दोघांच्या देखत बोलून करा. हे माझं मत आहे, आणि ते मी ठामपणे सांगते.

आता माईंच्या प्रश्नाकडे. ‘पोऱ्या परका व्हई जाई का?’

माई, कायद्याच्या भाषेत हो, तो परदेशी नागरिक होईल. पण त्याच कायद्यातली एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. आज त्याच्याकडे जर्मनीत कायम राहायची परवानगी आहे. ती ‘कायम’ नावाला आहे. तो देशाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर साधारणपणे ती परवानगी संपते (काही प्रकारच्या कार्डांना एक वर्षाची सवलत असते). म्हणजे उद्या तुमचं ऑपरेशन झालं आणि त्याला वर्षभर गावी येऊन राहावंसं वाटलं, तर त्याला तिकडची नोकरी आणि राहण्याचा हक्क दोन्हींवर पाणी सोडायची भीती बाळगून राहावं लागेल. जर्मन नागरिक झाला आणि ओसीआय काढलं, तर तो तुमच्याजवळ दोन वर्षं राहिला तरी तिकडचं दार बंद होत नाही आणि इकडे व्हिसाची तारीख संपत नाही. मला हे उलटंच वाटलं होतं. पण पंचवीस वर्षं धुळ्याला वकिली करताना मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे नवा पासपोर्ट घेतल्यावर पोरगा जास्त दिवस घरी राहू लागला.

तरीही मी सरसकट ‘घेऊन टाका’ असं म्हणणार नाही. मुलाला एकच प्रश्न विचारा, आणि त्याला विचार करायला वेळ द्या: पंधरा वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस? चोपड्याला परत येऊन शेती करायची, इकडे काही उभं करायचं, असं त्याच्या मनात खरोखर असेल तर त्याने भारतीय पासपोर्ट सोडू नये. भारतीय राहून परत आला तर तो आल्या दिवसापासून पूर्वीसारखा गावचा माणूस, मतदार आणि शेती घेऊ शकणारा शेतकरी. ओसीआयवर परत आलेल्याला भारतीय नागरिक व्हायचं तर कार्ड पाच वर्षांचं झालेलं हवं, अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवं आणि जर्मन नागरिकत्व सोडायची तयारी हवी. वाट आहे, पण लांबची आहे. उलट त्याचं उत्तर ‘नाना, आयुष्य इकडेच जाणार’ असं असेल, तर त्याने जर्मन व्हावं, उघडपणे व्हावं, आणि तुम्ही ते मोकळ्या मनाने स्वीकारावं. जिथे कर भरतो, जिथे मूल शाळेत जाणार, तिथे मत देता यावं असं वाटणं यात त्याचं काही चुकत नाही. संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे एकट्या २०२२ या वर्षात २ लाख २५ हजारांवर भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. ती सगळी आईबापांना विसरलेली पोरं नव्हेत.

घरातल्या सगळ्यांनी एकदमच बदलायला हवं असंही नाही. सून भारतीय राहू शकते. नातवाचा अर्ज मात्र बापाच्या अर्जाला घाईने जोडू नका. लहान मुलाला मोठेपणी साधी घोषणा करून भारतीय नागरिकत्व परत घेता येतं असं लोक सांगतात. पण आईबापांचं नागरिकत्व दुसऱ्या देशाचं घेतल्यामुळे आपोआप गेलं असेल, तर ती सोय मुलाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय २०२१ च्या अधिसूचनेपासून नव्याने ओसीआय झालेल्या मुलांना इथल्या मेडिकल-इंजिनियरिंगच्या प्रवेशात फक्त अनिवासींच्या जागांवर दावा करता येतो. अडीच वर्षांच्या पोराचा डॉक्टर व्हायचा विचार आत्ता कोण करतो, पण कागद आत्ताच होतात. त्याच्याबद्दल म्युनिकच्या भारतीय वकिलातीतून लेखी उत्तर घ्या आणि मगच ठरवा.

शेवटी कागदांचा क्रम. यात मी थोडी हळवी आहे, म्हणून कारण सांगते.

माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि भारतीय पासपोर्ट जमा करायचं काम ‘करू निवांत’ म्हणून पुढे ढकललं. वर्ष गेलं. श्रावणात त्याची आजी, म्हणजे माझी आई, अमळनेरला वारली. जुना पासपोर्ट वापरता येईना, ओसीआय नाही, आणि व्हिसा मागायला गेला तर पहिला प्रश्न जुन्या पासपोर्टचाच. तो दहाव्याला पोहोचला नाही. तेराव्याच्या सकाळी दारात उभा राहिला तेव्हा पंगत मांडली जात होती. त्याने ओट्यावर बॅग ठेवली आणि तिथेच खाली बसला. कुणी त्याला काही बोललं नाही. नंतर त्याचा रद्द केलेला पासपोर्ट परत आला, कोपरे कापलेला, आणि माझ्या बहिणीने तो आईच्या फोटोमागे कपाटात ठेवला आहे. मी जाते तेव्हा कधीकधी काढून बघते. पहिल्या पानावर एकवीस वर्षांचा भाचा आहे, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि जन्मस्थळ अमळनेर.

म्हणून नाना, तुमच्या मुलाने प्रमाणपत्र घेण्याची तारीख आपल्या हाताने ठरवावी. ते मिळालं की लगेच जर्मन पासपोर्ट, लगेच भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून त्याचं प्रमाणपत्र, आणि त्याच आठवड्यात ओसीआयचा अर्ज. ओसीआय हातात येईपर्यंत काही आठवडे जातात, त्या काळात गावी यायचं ठरवू नये. गावच्या मतदार यादीतून नाव वगळायचा अर्जही त्यानेच करावा, म्हणजे पुढच्या निवडणुकीत कुणी त्याच्या नावाने चिठ्ठी घेऊन दारात येणार नाही.

आणि कानबाईचं, आपल्या खान्देशच्या देवीच्या सणाचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण श्रावण जवळ आला की खान्देशातल्या प्रत्येक घरात तोच विषय असतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंदांचे रोट, म्हणजे घरातल्यांच्या नावाने मोजलेल्या गव्हाचा नैवेद्य, एकत्र होतात आणि ते बाहेरच्याला देत नाहीत. पासपोर्टचा रंग बदलला म्हणून पोरगा रोटाच्या पंगतीत बाहेरचा होतो का, ही माईंची खरी धास्ती आहे असं मला वाटतं. तिथे भाऊबंद जन्माने ठरतात. त्याच्या नावाचे गहू मोजून घ्या. यंदा त्याचे कागद अर्धवट असतील तर त्याला बोलावू नका, पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ता काढायला सांगा, आणि लेकीला मात्र यंदाच दोन दिवस आधी घेऊन या.

तुमची,
ताई